सोफा कुणी भिजवला

"मियां नाय केलंय म्हणतंय ना!" विमलाबाईंनी जपमाळ टीपॉयवर आपटली. "जल्मात कधी आंथरूण भिजवूक नाय मियां. चंदू, तुझी आंथरुणा धुवली ती ह्या हातांनी. धा वर्साचो होयसर भिजवी होतंस. खयच्या खयच्या पावण्यांकडे भिजवलंस, सांगू काय सगळ्यांका?"

"आई, विषय माझा नाहीये," चंद्रप्रकाश म्हणाला. छप्पन्न वर्षांचा गृहस्थ, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात, आणि कानाच्या पाळ्या लाल.

"आजी, तुला कोणी ओरडत नाहीये!" जान्हवी ओरडली. "मी फक्त विचारतेय. काल साडेसातपासून साडेनऊपर्यंत सोफ्याच्या ह्या कोपऱ्यात कोण बसलं होतं? तू. सकाळी डाग कुठे? ह्याच कोपऱ्यात. मग मी काय समजू?"

"काय ता समज. पाणी सांडला असात."

"पाण्याला वास येतो का गं?"

ह्या सगळ्या वेळात विमलाबाईंची सून कुंदा धुरी गुडघे टेकून सोफा घासत होती. एका हातात ओला फडका, दुसऱ्या हातात शाम्पूची बाटली. सोफा क्रीम रंगाचा होता. जान्हवीने हौसेने आणलेला. "क्रीम नको गं, डाग दिसतात," असं कुंदाने तेव्हा सुचवून पाहिलं होतं. का, ते मात्र सांगितलं नव्हतं. आता ती तोंडातून चकार शब्द काढत नव्हती. तोंड उघडलं तर खरं बाहेर पडेल अशी भीती होती, आणि अलीकडे तिच्यातून जे काही बाहेर पडायचं ते तिला न विचारताच पडायचं.

झालं होतं ते इतकंच. रविवारी संध्याकाळी चंद्रप्रकाशने कपाटाच्या तळातून लग्नाच्या वेळची सफारी काढली होती. "बघ, अजून होते की नाही," असं म्हणत तो पँट चढवायला लागला आणि ती गुडघ्यापर्यंत येऊन अडली. मग तिला वर ओढत तो हॉलभर एका पायावर उड्या मारत फिरला. कुंदा सोफ्यावर बसून भाजी निवडत होती. ती हसली. हसू आवरायचा तिने प्रयत्न केला, दुसरंही काही आवरायचा केला, आणि दोन्ही एकदमच सुटलं. चंद्रप्रकाशला वाटलं बायको आपल्यावर खूश आहे. तो आणखी दोन उड्या मारून आत गेला. कुंदाने तिथे उशी ठेवली, वर भाजीची परडी ठेवली आणि साडी बदलायला पळाली. ती बाथरूममधून येईपर्यंत मालिकेची वेळ झाली होती. विमलाबाई परडी टीपॉयवर ठेवून, उशी पाठीशी घेऊन, नेमक्या त्या कोपऱ्यात बसल्या होत्या.

त्या क्षणी बोलायला हवं होतं. पण मालिका चालू असताना विमलाबाईंशी बोललेलं त्यांना चालत नाही, अशी सबब कुंदाने स्वतःला दिली. तिच्याकडे सबबींचा तुटवडा कधीच नव्हता.

हे दुखणं तिला तीन वर्षांपासून होतं. दुखणं म्हणायचं ते एक सांगायला. दुखत काहीच नव्हतं. चोवीस वर्षांपूर्वी जान्हवी चार किलोची जन्मली तेव्हापासून शिंकताना एखादा थेंब जायचा. बाळंत झालेल्या बाईचं असं व्हायचंच, असं सगळ्या म्हणायच्या. मग पाळी गेली आणि त्याच वर्षी दीड महिना खोकला लागला. खोकला गेला, हे राहिलं. खोकला, शिंक, हसू, पाण्याची कळशी, भाजीची पिशवी, जिन्याची शेवटची पायरी, ह्यांपैकी काहीही पुरायचं.

ह्यावरचे इलाज कुंदाने स्वतःच्या अकलेने शोधले होते. पहिला इलाज म्हणजे पाणी प्यायचंच नाही. सकाळी अर्धा कप चहा, दुपारी दोन घोट, की पाच वाजेपर्यंत तिची जीभ टाळूला चिकटायची आणि ती त्यालाच यश समजायची. दुसरा इलाज गडद रंगांचा. तिच्या कपाटावर जणू सुतक आलं होतं: जांभळी, काळपट निळी, विटकरी, पुन्हा जांभळी. "तुला डार्क रंग काय शोभतात गं," असं चंद्रप्रकाश प्रत्येक साडीला म्हणायचा, आणि तिला वाईट वाटायचं, कारण तो मनापासून म्हणायचा. तिसरा इलाज भूगोलाचा. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत बाईमाणसाला कुठल्या दुकानात आत सोडतात, कुठल्या दवाखान्याची बाई "कोणाला भेटायचंय?" विचारत नाही, हे तिला तोंडपाठ होतं. मुलुंडला एका साडीच्या दुकानात तिसऱ्या मजल्यावर चांगली स्वच्छ सोय होती. त्यासाठी दर वेळी अर्धा तास साड्या बघाव्या लागायच्या. दोनदा लाजेखातर घ्याव्याही लागल्या. जांभळ्याच घेतल्या.

आणि चौथा इलाज म्हणजे हसायचंच नाही. कॉलेजात तिच्या हसण्यापायी सरांनी तिला तीनदा वर्गाबाहेर काढलं होतं. त्याच कुंदाने, बिल्डिंगमधल्या बायका विनोदी नाटकाची तिकिटं काढायला लागल्या तेव्हा सांगितलं, "मला नाही आवडत बाई तसली नाटकं. काहीतरी गंभीर असेल तर सांगा." बायका तिच्याकडे बघतच राहिल्या. पुढच्या वेळी कोणी विचारलं नाही.

नोकरी करायची ती भांडुपच्या बालवाडीत. देवाने विनोद करायचा ठरवला की तो कसर ठेवत नाही. अडतीस पोरं, त्यातली निम्मी रोज कुठे ना कुठे ओली. प्रत्येकाच्या दप्तरात जास्तीची चड्डी, तिच्यावर सुईदोऱ्याने नाव. "शू आली की बाईंना सांगायचं. लाजायचं नाही. सांगतं ते बाळ शहाणं!" हे कुंदा दिवसातून वीसदा म्हणायची. बाईंच्या पर्समध्येही एक होती, जुन्या ओढणीत गुंडाळलेली. फक्त तिच्यावर नाव नव्हतं.

बेडूकउड्यांचं गाणं आलं की बाई खुर्चीत बसायच्या आणि मदतनीस उड्या मारायची. "बाईंचे गुडघे दुखतात ना," असं पोरंसुद्धा एकमेकांना सांगायची. गुडघे बिचारे ठणठणीत होते. तीन वर्षं ते दुसऱ्याच्या गुन्ह्याची शिक्षा भोगत होते. आपलं ओझं दुसऱ्याच्या अंगावर टाकायची कुंदाला गुडघ्यांपासूनच सवय लागली होती. आता सासूची पाळी आली होती, एवढंच.

सोफ्याच्या भांडणानंतर तिसऱ्या दिवशी घरात मोठ्या माणसांच्या डायपरचं पाकीट आलं. चंद्रप्रकाशने मोबाइलवरून मागवलं आणि ते पंधरा मिनिटांत दारात हजर झालं. पाकिटावर पांढऱ्या केसांची एक बाई दात दाखवून हसत होती.

"ता काय हाडलंस?" विमलाबाईंनी विचारलं.

"असू दे गं. लागलं तर. कोणाला कळत पण नाही आतून."

विमलाबाईंनी चष्मा लावून चित्र बघितलं. मग शांतपणे पाकीट उचललं, बाल्कनीत गेल्या आणि रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवून आल्या. "पेपरवाल्याच्या आवशीक दी म्हणा," त्या म्हणाल्या. पेपरवाल्याच्या आईचा ह्यात काय दोष, देव जाणे.

ते पाकीट कुंदाने रद्दीतून उचललं. "नीट ठेवते, चांगली वस्तू आहे," असं म्हणत बाथरूमच्या कपाटात ठेवलं. दुसऱ्या दिवशी बालवाडीत जाताना त्यातलं एक कमी झालं. त्या दिवशी ती वर्गात दोनदा शिंकली आणि तिला काही म्हणजे काही झालं नाही. स्वर्ग म्हणतात तो हाच, असं तिला वाटलं. फक्त चालताना कुरमुऱ्यांच्या पिशवीसारखा आवाज येत होता. पहिल्या रांगेतला प्रांजल बराच वेळ कान देऊन बसला आणि म्हणाला, "बाई, तुमच्याकडे खाऊ आहे का?"

तिसऱ्या आठवड्यात चंद्रप्रकाश बाथरूममधून गंभीर चेहऱ्याने बाहेर आला. कुंदाला स्वयंपाकघरात बोलावून त्याने आवाज खाली आणला.

"दहातले चारच उरलेत."

कुंदाने लाटणं बाजूला ठेवलं आणि पोळी तव्यावर टाकली.

"आई वापरते. गुपचूप. मी म्हणत नव्हतो? वरून केवढा तोरा, पण तिला कळलंय." त्याचे डोळे भरून आले होते. "आपण दाखवायचं नाही हं. म्हाताऱ्या माणसाला लाज असते. मी नवीन पाकीट आणून ठेवतो हळूच."

"तुम्ही किती समजून घेता सगळ्यांना," कुंदा म्हणाली.

ह्या एका वाक्याबद्दल नरकात आपल्याला वेगळी खोली मिळेल, आणि त्या खोलीत क्रीम रंगाचा सोफा असेल, असं तिला पोळी उलटताना वाटलं. पण ती बोलली नाही. नवीन पाकीट येणार होतं, हेही एक कारण होतं. खोटं कशाला बोला.

त्याच महिन्यात बालवाडीत आयांची सभा होती. बाळंतपणानंतर शरीराची काळजी ह्यावर बोलायला मुलुंडहून एक फिजिओथेरपिस्ट आली. सेलिना नाव, चाळिशीची, ठेंगणी, बॉबकट, आवाज शाळेच्या घंटेसारखा. आजारांची मोठमोठी नावं सांगेल असं वाटलं होतं. तिने उभं राहूनच विचारलं, "खोकताना, हसताना थेंब थेंब कोणाकोणाचं जातं? हात वर करा."

चाळीस बायका. पंखा तेवढा हलला.

"असं का? मग माझाच हात वर," असं म्हणून सेलिनाने स्वतःचा हात वर केला. "दुसऱ्या पोराच्या वेळचं. मी लोकांना शिकवते आणि माझंच होत होतं. मी काय लाजू, सांगा."

मागच्या रांगेत दोन-तीन जणी हसल्या. एक हात अर्धा वर गेला. कुंदा समोशांच्या बशा भरत होती. तिचे दोन्ही हात गुंतलेले होते ह्याबद्दल तिने समोशांचे आभार मानले.

सभा संपल्यावर मात्र ती सेलिनाला रिक्षापर्यंत सोडायला गेली. "माझी एक मैत्रीण आहे," ती म्हणाली. "म्हणजे बिल्डिंगमधली. तिला असं होतं."

"वय?"

"एक्कावन्न. साधारण."

"मग मैत्रिणीला मंगळवारी पाठवा, बाय. आणि तिच्याकडे नेसायला काही नसेल, तर तुमची ही जांभळी साडी नेसून आली तरी चालेल."

मैत्रीण मंगळवारी जांभळी साडी नेसून गेली. सेलिनाने आधी बाईडॉक्टरकडून तपासून घ्यायला लावलं, लघवीची तपासणी करायला लावली. इन्फेक्शन नव्हतं, दुसरं काही नव्हतं. मग तिने समजावलं. पोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, तिच्यावर सगळं तोललेलं असतं. बाळंतपणाने आणि वयाने ती झोळी सैल पडते. खोकलं, हसलं, काही उचललं की वरून दाब येतो आणि सैल झोळीला तो पेलत नाही. "ह्याला स्ट्रेसचं म्हणतात. पण हा स्ट्रेस मनाचा नाही हं, पोटावरच्या दाबाचा."

"मनाचा वेगळा आहे," कुंदा म्हणाली.

"तो नंतर बघू. पाणी किती पिता?"

कुंदाने अभिमानाने आकडा सांगितला. सेलिनाने कपाळाला हात लावला. "बाय माझे! एवढ्याशा पाण्यात लघवी तिखट होते. ती पिशवीला आणखी चिडवते. त्यात बद्धकोष्ठ झालं की पुन्हा जोर, पुन्हा दाब. तीन वर्षं तुम्ही आगीत तेल ओतलंत, तेही तहानलेल्या राहून."

तिने तीन दिवसांची नोंद ठेवायला सांगितली: कधी प्यायलं, कधी गेलं, कधी सांडलं आणि काय करताना. आणि व्यायाम शिकवला. लघवी आणि वारा दोन्ही एकदम अडवायचे आहेत अशा बेताने आतून आवळायचं, वर ओढायचं, धरायचं, सोडायचं.

कुंदाने सगळं बळ लावलं.

"अहो, भुवया नाही आवळायच्या," सेलिना म्हणाली. "श्वास पण नाही धरायचा. पोट सोडा. मांड्या सोडा. खांदे तर कुठच्या कुठे गेले तुमचे. तोंड कशाला एवढं घट्ट मिटलंय?"

"सवय आहे," कुंदा म्हणाली.

दहादा सावकाश, दहादा पटापट, दिवसातून तीन वेळा, कमीत कमी तीन महिने. शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं, मग शिंकायचं. सेलिनाने खोटं आश्वासन दिलं नाही. बऱ्याच जणींना फरक पडतो, कुणाचं पूर्ण थांबतं, कुणाचं कमी होतं. नाहीच पडला तर आतून बसवायची रिंग असते, छोटं ऑपरेशन असतं, ते तेव्हा बघू. पॅड लावायला हरकत नाही, पण ह्या कामाचे पातळ पॅड मिळतात. "डायपर कशाला? कुणाचे आणलेत?"

"सासूबाईंचे," कुंदा म्हणाली.

"त्यांना पण आहे का त्रास?"

"नाही."

सेलिनाने पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडे पाहिलं. कुंदाने भिंतीवरच्या हाडांच्या तक्त्याकडे पाहिलं.

"घरी सांगितलंय का हे?"

"सांगणार आहे. जरा सवडीने."

व्यायाम सुरू झाला. भाजी चिरताना, बसथांब्यावर, पोरांना ओळीत उभं करताना. जान्हवी म्हणाली, "आई, तू मधेच अशी का थांबतेस? हँग झालेल्या फोनसारखी?" चंद्रप्रकाशने दोनदा ओवा आणि काळं मीठ दिलं. कुंदा आता पाणी प्यायला लागली होती, आधी भीत भीत, मग तांब्याने. पाचव्या आठवड्यात एका शिंकेला तिने वेळेवर आवळलं आणि कोरडी राहिली. त्या आनंदात दुसरी शिंक आली ती मात्र गाफील पकडून गेली. तरी हिशेब अर्धा-अर्धा झाला होता. तीन वर्षांत असं झालं नव्हतं.

एवढं सगळं होऊनही सोफ्याबद्दल ती बोलली नव्हती. पूर्ण बरी झाले की सांगेन, असं तिने ठरवलं होतं. म्हणजे एकदम भूतकाळात सांगता येईल. चोराने पैसे खर्च करून झाल्यावर कबुली द्यायची, तसलाच हा मुहूर्त.

पण गणपती जवळ आले. धुरींचं गावचं घर कुडाळच्या पुढे. दर वर्षी पुतण्या सुशांतच्या गाडीने सगळे जायचे, पहाटे निघून रात्रीपर्यंत. सकाळच्या चहाला चंद्रप्रकाशने मोबाइल खाली ठेवला आणि घसा साफ केला.

"आईला ह्या वर्षी चेंबूरला ताईकडे ठेवू या. बारा-तेरा तासांचा रस्ता. गाडीत सुशांतची बायको, पोरं. तिथे काही झालं तर तिलाच ओशाळं वाटेल."

विमलाबाई तिथेच होत्या. कुंदाला वाटलं, आता माळ आपटली जाणार. आता चंदूच्या आंथरुणांची यादी निघणार. ती मनातल्या मनात वाट बघत राहिली. विमलाबाईंनी कप उचलला, त्यात चहा अर्धाच होता, तो न पिता परत ठेवला आणि म्हणाल्या, "बरा."

कुंदाला तेव्हा दिसायला लागलं. कधीपासून दिसत असणार, पण तिने बघितलं नव्हतं. विमलाबाई सोफ्यावर बसत नव्हत्या. प्लास्टिकच्या स्टुलावर बसून मालिका बघत होत्या, तेही दाराजवळ. संध्याकाळचा चहा बंद झाला होता. पाण्याचं भांडं सकाळी भरलेलं रात्रीही भरलेलं असायचं. मंदिरात जायचं त्यांनी सोडलं होतं. गुडघे दुखतात म्हणे.

दुपारी बालवाडीतून आल्यावर कुंदा त्यांच्या खोलीत गेली. विमलाबाईंची गावची पिशवी पलंगावर होती. पंधरा दिवस आधीच भरलेली. त्या ती रिकामी करत होत्या.

"हे घे," त्यांनी एक कापडी गाठोडं पुढे केलं. गौरीची हिरवी साडी, गौरीचं डोरलं, कुंकवाचा करंडा. "ह्या वर्सा गौर तू हाड."

धुरींच्या घरात गौर तेरड्याच्या रोपांची. घरातल्या मोठ्या सुनेने विहिरीवर जायचं, रोपं पुजायची, तोंडात पाण्याची चूळ धरायची आणि गौर पाटावर टेकेपर्यंत मुक्याने घरी यायचं. सत्तावन्न वर्षं हे विमलाबाई करत होत्या. वर्षातली तेवढी वीस मिनिटं त्या गप्प असतात, असं सारं गाव हसायचं.

"मला नाही जमायचं ते," कुंदा म्हणाली.

"जमात. त्येच्यात काय नाय. तोंड मिटून ऱ्हवाचा."

त्यात तर कुंदाने दोन महिने कसून सराव केला होता.

"आई, तुम्ही पाणी का पीत नाही?"

विमलाबाई साडीची घडी उगाच परत घालत राहिल्या. "माका आता माझोच भरवसो नाय गो. आधी वाटला, ही पोरा खोटा बोलतत. मगे चंदू म्हणाक लागलो, पाकिटातले कमी झाले. मियां घेवक नाय. पण घेतलंय असतंय तर? माका आठवणा नाय, असा झाला असात तर? माझी आवस शेवटाक असाच सगळा विसरली. आपण खंय बसलंव ता तिका कळा नाय. माका कळता असा मियां समजी होतंय."

कुंदा गाठोडं हातात धरून उभी राहिली. सोफा काय, घासून निघाला होता. ही बाई मात्र दोन महिने रोज स्वतःचीच उलटतपासणी घेत होती. आणि रोज दोषी ठरत होती. सबब शोधायला कुंदाने नेहमीच्या जागी हात घातला, तर आत काहीच नव्हतं.

"सांगतं ते बाळ शहाणं," असं रोज अडतीस पोरांना शिकवणारी बाई त्या दुपारीही सांगू शकली नाही, हेही इथे लिहून ठेवायला हवं. तिच्या जिभेवर आलं होतं. पण एकट्या सासूला सांगितलं तर सासू पोटात घालेल, कदाचित रडेल, आणि प्रकरण दोघींत मिटून जाईल, असा मोह तिला झाला. तो मोह ओळखण्याइतकी ती आता स्वतःला ओळखत होती. आरोप सगळ्यांदेखत झाला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. श्रावण चालू, म्हणून काळ्या वाटाण्याची आमटी, भात, आंबोळ्या. चंद्रप्रकाश आणि जान्हवी टेबलाशी, विमलाबाई स्टुलावर, ताट मांडीवर. कुंदा वाढायचं थांबवून टेबलाच्या टोकाला उभी राहिली, वर्गात हजेरी घेताना राहते तशी.

"सोफा मी भिजवला होता," ती म्हणाली.

जान्हवीने मान वर केली. "काय?"

"सोफा. आईंनी नाही, मी. डायपर पण मीच वापरले. सहाच्या सहा. आणि नंतरच्या पाकिटातले तीन."

चंद्रप्रकाशने आंबोळी ताटात ठेवली. त्याचे डोळे पुन्हा भरून आले. "बघ, जान्हवी," तो म्हणाला, "आजीला गावाला नेता यावं म्हणून तुझी आई काय काय अंगावर घेतेय. सून असावी तर अशी."

"आई, यार," जान्हवी विरघळून म्हणाली, "तू ना, खूप ग्रेट आहेस."

इथे कुंदाच्या मनात जे आलं त्याची तिला पुढेही लाज वाटत राहिली. तिच्या मनात आलं, हे असंच ठेवलं तर? खरं सांगितल्याचं पुण्य पदरात, आणि त्यागमूर्ती म्हणून वर सत्कार. एक सेकंदभर तिने तो हार गळ्यात घालून पाहिला. चांगला दिसत होता.

"त्याग गेला खड्ड्यात," ती म्हणाली. "अहो, तुम्ही ती सफारीची पँट गुडघ्यात अडकवून हॉलभर उड्या मारत होतात. मी हसले आणि झालं. तीन वर्षं होतंय मला. खोकले की, हसले की, पिशवी उचलली की. म्हणून नाटकाला जात नाही, म्हणून उड्या मारत नाही, म्हणून सगळ्या साड्या असल्या. मुलुंडला सेलिना म्हणून आहेत, त्यांच्याकडे व्यायाम शिकतेय, निम्मा फरक आहे. आई त्या कोपऱ्यात येऊन बसल्या आणि मी गप्प बसले. दोन महिने."

"पण मग तू तेव्हाच…" चंद्रप्रकाश म्हणाला. जान्हवी सोफ्याकडे बघत होती, मग आजीकडे, मग ताटात.

विमलाबाईंनी मांडीवरचं ताट खाली ठेवलं. त्या उठल्या. कुंदासमोर येऊन उभ्या राहिल्या, पदर खोचून.

"सटवये!" त्या म्हणाल्या. "गो सटवये! माका दोन म्हयने येडी ठरवलंस? मियां रात-रात जागी ऱ्हवान चादर चाचपतंय आणि तू थंय पाणी पी होतंस तांब्यान? माझे डायपर घालून मिरवलंस? तोंड कोणी शिवलेला गो तुझा?" आणि टेबलाकडे वळून, "आणि तू रे चंदू! म्हणे दाखवचा नाय! पोलीस कित्याक झालंस नाय तू?"

एवढं बोलून त्यांनी टेबलावरचा तांब्या उचलला आणि तोंडाला लावला. पाणी गळ्यावरून पदरावर ओघळलं तरी त्या प्यायच्या थांबल्या नाहीत. कुंदाने ते सगळं ऐकून घेतलं. प्रत्येक शब्द हक्काचा होता, आणि दोन महिन्यांनी सासूचा आवाज जागेवर आला होता.

चंद्रप्रकाशने चाचरत विचारलं, "बरं, मग… ताईला काय कळवू? ती वाट बघतेय फोनची."

"आई गावाला येणार आणि गौर त्याच आणणार," कुंदा म्हणाली. "ताईंना आत्ता फोन करून तसं सांगा. का, ते विचारलं तर माझं नाव सांगा. सुशांतला कळवा, गाडी दर दोन तासांनी थांबेल, मला लघवीला जावं लागतं म्हणून. आणि उद्यापासून दुपारी चार ते सव्वाचार मी दार लावून व्यायाम करणार आहे. त्या वेळचा चहा ज्याचा त्याने करून घ्यायचा."